चुलीवरचा डबा आणि देवाची दारू

तुम्ही विकत आणलेलं यंत्र वीज मिळताच पहिल्यांदा कोणाचं ऐकतं: तुमचं, की ते बनवणाऱ्याचं? प्रश्न तिरका वाटेल, पण बल्लारपूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात असेच प्रश्न भातावरच्या वरणासारखे रोज वाढले जायचे. बाबा कागदाच्या गिरणीत कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. घरात नवी वस्तू आली, मग ती पंखा असो की प्रेशर कुकर, की बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून विचारत, "हे कोणाच्या बाजूचं?" आई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "माह्या बाजूचं हाय. तुम्ही बाजूले सरका."

गिरणीचा भोंगा झाला की आमच्या गल्लीतल्या सायकली आणि दुचाक्या एकदम जाग्या व्हायच्या. वारा फिरला की लगद्याचा आंबूस वास घरात शिरायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावत आणि आम्हाला त्यांचं नवल वाटे. जेवणात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि वर जवसाची चटणी. जेवणं झाली की आई सुपात तांदूळ घेऊन खडे वेचायला बसे आणि बाबा तिला नवं पत्रक वाचून दाखवत. आई काही बोलायची नाही. पण एखादं वाक्य खरोखर लागलं की तिचा हात तांदळात थांबायचा. हात थांबला नाही, तर बाबा मुकाट्याने ते वाक्य खोडत. मी लिहायला शिकले ती तिथे. अजूनही माझं एखादं वाक्य मलाच फार आवडू लागलं की मला तो न थांबलेला हात दिसतो.

बाबांचं सगळ्यात गाजलेलं पत्रक दारूविरुद्धचं होतं. मी शाळेच्या गणवेशात ते स्टेशनबाहेर वाटलेलं आहे. खाणीतून आणि गिरणीतून सुटलेली माणसं त्याची पुडी करून त्यात फुटाणे खात, तरी मी वाटत राहायची. त्या पत्रकात बाबांनी दारू कशी गाळतात, पहिली धार कशी निघते आणि ती चुलीत टाकली तर निळी कशी पेटते, हे इतकं बारकाईने लिहिलं होतं की शेजारचे एक काका म्हणाले, "भाऊ, तुमच्या पत्रकावरून त माणूस भट्टी लावन." दारूचा थेंब ज्या घराने कधी पाहिला नाही, त्या घरातल्या पोरीला दारूचं सगळं शास्त्र तोंडपाठ होतं. ते पुढे कामाला येणार होतं, पण बाबांनी ठरवलं होतं तसं नव्हे.

पॉलिटेक्निकला गेले तेव्हा माझी लिनक्स या संगणकप्रणालीशी गाठ पडली. इतरांना ते काळ्या पडद्यावरचं कोडं वाटलं. मला ते पत्रकच वाटलं. ज्याला हवं त्याने वाचावं, बदलावं, छापावं, वाटावं. पुढच्याचा तोच हक्क मात्र कोणी काढून घेऊ नये. चंद्रपूरच्या भंगार बाजारात कार्यालयांनी टाकून दिलेले छोटे साठवणुकीचे डबे मिळत. पुस्तकाएवढा डबा, आत एक डिस्क, मागे नेटवर्कची तार जोडायची जागा; घरातले सगळे फोटो आणि फायली एका जागी राहाव्यात म्हणून लोक ते घेत. कंपनीने नवा डबा काढला की जुन्याकडे पाठ फिरवायची आणि चांगला चालता डबा भंगारात जायचा. मी ते आणून उघडायला लागले. अशा यंत्राला वीज दिली की सगळ्यात आधी एक अगदी छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याचं नाव बूटलोडर. पुढे कोणाला उठवायचं ते तो ठरवतो. कंपनीने त्याला सांगून ठेवलेलं असतं की फक्त आमच्याच माणसाला उठव. म्हणून मी आधी तो पहारेकरी बदलायची आणि मग आत लिनक्स बसवायची. काही डबे माझ्या हातून कायमचे मेले. जे जगले ते अजून चालतात. मला त्यात कधीच चोरी केल्यासारखं वाटलं नाही. ज्याने डबा विकला त्याने पहारेकरी स्वतःच्या पगारावर ठेवला असेल, तर चोर कोण हे वाचकांनी ठरवावं.

एके दिवशी बाबांच्या फोनवर रैनूबाईंचा फोन आला. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावाच्या त्या ग्रामसभा अध्यक्ष. त्यांच्या वनहक्काच्या लढाईची पत्रकं बाबांनीच लिहिली होती. "भाऊ, तुमची पोरगी डब्बे उघडते म्हणते लोक. आमचा एक डब्बा बसला हाय."

गोष्ट अशी होती. गावाच्या सामूहिक वनहक्कात वरच्या डोंगराचा एक मोठा तुकडा वादात होता. तो आपला आहे हे सांगण्यासाठी गावातली म्हातारी माणसं हद्दीवरून चालली होती आणि प्रत्येक नाल्याशी, प्रत्येक दगडाशी थांबून त्याचं नाव आणि हकिगत सांगत होती. सगळ्यात जास्त बोलले होते दसरूदादा. मदतीला आलेल्या एका संस्थेने त्याचे व्हिडिओ काढून अशाच एका डब्यात ठेवले आणि "आता हे कुठे जात नाही" असं सांगून कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या गावाला नेली. नंतर संस्थेचा प्रकल्प संपला. डबा बनवणाऱ्या कंपनीने आपली इंटरनेटवरची सेवा बंद केली. आता डबा सुरू केला की तो अशा दारावर परवानगी मागायला जायचा जे जगात उरलंच नव्हतं, आणि उत्तर येईना म्हणून कोणालाच आत घेत नव्हता. दसरूदादा मधल्या काळात वारले होते. धानोऱ्याला सुनावणी लागली होती, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मी बॅग भरली. चंद्रपूर, मूल, गडचिरोली, धानोरा अशा एस.टी. बदलत आणि शेवटी कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून गावात पोचले तेव्हा सुनावणी परवावर आली होती. मोहफुलांचे दिवस होते. प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली, वासाने डोकं जड व्हावं इतकी. पण दारू कुठेच दिसत नव्हती. बायांनी ग्रामसभेत ठराव करून भट्ट्या बंद केल्या होत्या आणि त्यात रैनूबाई सगळ्यात पुढे होत्या. मी मनात म्हटलं, बाबांना इथे आणून बसवायला हवं.

"डबा कुठे आहे?" मी विचारलं. रैनूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि चुलीच्या वर बोट दाखवलं. चुलीवर बांबूचा माळा होता. त्यावर मक्याची कणसं, भोपळ्याच्या बिया, गाडग्यात भरलेलं भाजीचं बियाणं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्वच्छ फडक्यात बांधलेला आमचा डबा.

"बाई, धुरात?"

"मंग कुठी ठेवाचा? खाली ठेवला त उंदीर. भिंतीले ठेवला त वाळवी. आमचं बियाणं वरच राह्यते, पिढ्या झाल्या, काई होत नाई त्याले."

"अहो, हे बियाणं नाही."

"काऊन नाई?" त्या म्हणाल्या. "दसरूदादा हाय ना त्यात."

अंगणात खाट घेऊन मी डबा उघडला. डिस्क बाहेर काढून लॅपटॉपला लावून पाहिली, तर आत नुसता गोंधळ: सगळं कुलूपबंद, आणि त्या कुलपाची किल्ली डब्यातल्या हिरव्या सर्किट-पट्टीवर, म्हणजे बोर्डावर, एका छोट्या चिपमध्ये. म्हणजे डिस्क धडधाकट असून उपयोग नव्हता. बोर्ड बोलायला हवा होता. बोर्डाशी बोलायला त्याच्यावर तांब्याचे बारीक ठिपके असतात, त्यांना तीन तारा जोडायच्या आणि लॅपटॉपवर अक्षरं उमटतात का पाहायचं. मी तारा टेकवल्या. पडद्यावर नुसती रांगोळी. वितळलेल्या धातूने तारा चिकटवायला, सोल्डर करायला गेले तर सोल्डर धरेना; थेंब पाऱ्यासारखा निसटून जायचा. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं. अख्ख्या बोर्डावर धुराचा चिकट काळा थर बसला होता, डांबरासारखा. डबाही काळाच असल्यामुळे बाहेरून ते कोणाला दिसलं नव्हतं. नखाने एका कडेला खरवडलं तर खालचं तांबं लखलखीत. दमट कोठडीत ठेवलेले, गंजून हिरवे पडलेले किती तरी बोर्ड मी पाहिले होते. हा चुलीने काळा केला होता आणि चुलीनेच राखला होता.

तो थर काढायला स्पिरिट लागतं. माझी बाटली गडचिरोली आणि धानोऱ्याच्या मध्ये कुठे तरी बॅगेतच सांडली होती. माझ्या ओढणीला त्याचा वास तेवढा उरला होता. आरोग्य उपकेंद्राला कुलूप, नर्सबाई रजेवर. दुचाकीतलं पेट्रोल होतं, पण पेट्रोल प्लास्टिक खातं. धानोऱ्याला जाऊन यायचं तर दिवस गेला, आणि पुढचं काम किती वेळ घेईल याचा भरवसा नव्हता. मी खाटेवर बसून होते आणि समोर अंगणभर मोहफुलं पसरलेली होती. बाबांच्या पत्रकातलं वाक्य आठवलं: पहिली धार निळी पेटते. निळी पेटते, म्हणजे तिच्यात पाणी कमी आणि स्पिरिट जास्त.

मी रैनूबाईंना हळूच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेचा गणवेश आठवला.

"तू दारू मागून राह्यली? तुह्या बापाचं पत्रक माह्या भिंतीवर हाय!"

"प्यायला नाही, पुसायला."

"सगळे असंच काई ना काई म्हणतेत. हे माह्या एकटीच्यानं होत नाई. ग्रामसभेत बोल."

आणि दुपारी मोह वेचून बाया परतल्यावर खरंच ग्रामसभा बसली. तिथे हात वर करून मोजायची पद्धत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, एक जरी नाही म्हणाला तरी. मी उभी राहिले आणि दारूविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाच्या मुलीने, दारू बंद केलेल्या गावाच्या सभेत, पहिल्या धारेची एक बाटली मागितली. आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. इतकं अवघड एकही नव्हतं.

हशा झाला, मग गलका झाला. एक बाई म्हणाली, "माह्या नवऱ्यावर बी थर बसला हाय. त्याले बी पुसाची परवानगी द्या." नवरा मागच्या रांगेत होता, तो म्हणाला, "मी पुसून घ्याले तयार हाय, बाप्पा." पण एक म्हातारी हसली नाही. तिचा मुलगा दारूने गेला होता, हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "आज डब्ब्याले द्याल, उद्या डब्बे लई होतीन गावात." तिचं बरोबर होतं आणि बाबांनी तेच लिहिलं असतं.

मग मानूदादा बोलले. ते गावाचे गायता, म्हणजे देवाचं करणारे, आणि दसरूदादांचे धाकटे भाऊ. ठराव झाला तेव्हाही सणाला पेनासाठी, त्यांच्या देवासाठी, एक तुंबाभर, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात मावेल तेवढी, दारू ठेवायची मुभा गावाने दिली होती आणि ती मानूदादांच्या ताब्यात असे. गावात होती ती तेवढीच.

"देवाच्या वाट्याची हाय," ते म्हणाले. "पण देवाचाच डोंगर हाय तो वरचा. त्याच्यासाठी लागली, त तो नाई म्हणन असं मले वाटत नाई." मग म्हणाले, "अन् दसरू त कधीच नाई म्हणत नव्हता."

हसू परत आलं, पण म्हातारी तशीच. शेवटी तिनेच अटी घातल्या: काम सगळ्यांसमोर, उघड्यावर, लागेल तेवढीच ओतायची, आणि जी वाटीत उरेल ती तिच्यादेखत जमिनीवर. मी हो म्हटलं. मानूदादा हो म्हणाले. तिने मान हलवली, तेव्हा ग्रामसभा उठली.

उन्हात खाट, खाटेवर सूप, सुपात बोर्ड. मानूदादांनी तुंब्यातून पहिला थेंब मातीला दिला, गोंडीत काही पुटपुटले आणि वाटी माझ्यासमोर धरली. मी जुन्या टूथब्रशने पुसायला लागले. काळं पाणी ओघळलं आणि तांबं वर येत गेलं. शेणाने सारवलेल्या अंगणात अख्खं गाव उकिडवं बसून एका हिरव्या पट्टीकडे बघत होतं. पुसून झालं, उरलेली दारू म्हातारीने स्वतःच्या हाताने ओतली. बोर्ड उन्हात खडखडीत वाळू दिला. सोल्डर या वेळी धरलं. तारा लागल्या, वीज दिली, आणि पडद्यावर रांगोळीच्या जागी स्वच्छ अक्षरं आली. बोर्ड आपलं नाव सांगत होता.

"काय म्हणून राह्यलं?" रैनूबाईंनी विचारलं.

"जागं झालंय. पण अजून कंपनीचाच पहारेकरी उठतोय. मी माझा पाठवते."

बोर्डावरच्या मुख्य चिपला एक चांगली सवय होती. योग्य क्षणी तारेतून खुणावलं तर ती आपला बूटलोडर बाजूला ठेवून तारेतून आलेला घेते, आणि तोही फक्त तेवढ्यापुरता. वीज गेली की विसरते. म्हणजे बोर्डावर काहीही न खोडता आत जाता येत होतं. मी माझा बूटलोडर पाठवला. तो थेंबाथेंबाने जात होता. त्या तारेतून तेवढंच मावतं. त्याने पेन ड्राइव्हवरचं लिनक्स उठवलं. आत गेल्या गेल्या मी पहिलं काम केलं ते किल्लीच्या अख्ख्या चिपची नक्कल लॅपटॉपवर उतरवून घेण्याचं. किल्ली हाती आली होती. डिस्क परत जोडली, किल्ली लावली, आणि फोल्डर उघडले.

मी पहिलाच व्हिडिओ लावला. आधी पानांचा आवाज, मग धाप लागलेल्या माणसाचा श्वास, आणि मग दसरूदादा. एका नाल्यात उभं राहून ते सांगत होते की हा नाला कुठून येतो, याच्या काठी कोणत्या कुळाचं पेन बसतं, आणि त्यांच्या बापाने इथे अस्वलाला पाहून चप्पल टाकून कशी धूम ठोकली. मध्येच कॅमेरावाल्याला म्हणाले, "तुह्या पायाखाली पाह्य बे, पडशीन!" लोक हसले. मानूदादा हसले नाहीत. पडद्यावरचा भाऊ नाल्याचं, दगडाचं, खिंडीचं नाव घेई, आणि हे खालच्या आवाजात तेच नाव त्याच्यामागून घेत. त्यांनी एकही चुकवलं नाही. व्हिडिओ संपल्यावर म्हणाले, "याच्यापुढचं बी लाव."

मला खरं तर तिथेच काम पुरं करायचं होतं: कंपनीचा बूटलोडर चिपवरून पुसून आपला कायमचा बसवायचा. सगळे बघत होते, हात तापला होता. रैनूबाईंनी विचारलं, "त्यात डब्बा मराची भीती हाय?"

"थोडी."

"अन् परवा सुनावणीले तो लागते?"

"पेन ड्राइव्ह लावून असाच चालेल."

"मंग सुनावणी झाल्यावर." सभेलाही ते पटलं. मलाही पटलं, जरा उशिराने. व्हिडिओंच्या प्रती मात्र लॅपटॉपवर, दोन पेन ड्राइव्हवर आणि शेजारच्या गावातल्या एका शिक्षकांच्या संगणकावर त्याच दिवशी गेल्या.

सुनावणीत दसरूदादा बोलले. साहेब आधी घड्याळ बघत होते, नंतर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. विरुद्ध बाजूने कोणी म्हणालं की डोंगराला अशी नावंच नाहीत. मानूदादा उठून म्हणाले, "चला, दाखवतो." आदेश निघाला तो प्रत्यक्ष डोंगरावर जाऊन पाहणी करण्याचा. मग खरंच सगळे चढले. जिथे व्हिडिओत दगड होता तिथे दगड होता. तो तुकडा आज गावाकडे आहे आणि तिथला बांबू ग्रामसभा विकते.

पुढच्या वेळी गेले तेव्हा आम्ही चिपवर आपला बूटलोडर कायमचा बसवला, तोही अंगणात. वीज जाईल का म्हणून सगळं गाव तारांकडे बघत होतं. गेली नाही. आता तो डबा विजेवर येताच थेट लिनक्स उठवतो, कोणाच्या परवानगीला जात नाही. तो माळ्यावरच असतो, फक्त चुलीच्या नव्हे, पलीकडच्या खोलीतल्या.

घरी परतल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या पत्रकावरून तू दारू मागितली." आई सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अन् मिळवली. तुमचं पहिलंच पत्रक ज्याचा उपयोग झाला." बाबांनी तिच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला आणि त्यांना जमलं नाही.

तेव्हापासून मी या दोन जिल्ह्यांत पुष्कळ डबे उघडले, आणि मला बूटलोडरपेक्षा जास्त धाक एका वाक्याचा वाटतो: "आता हे कुठे जात नाही." जे एकाच ठिकाणी असतं ते जातं. धुराने जातं, वाळवीने जातं, कंपनीच्या एका निर्णयाने जातं. त्या गावाचा डोंगर एका हिरव्या पट्टीवर टांगलेला होता, आणि तो खाली पडला नाही याचं निम्मं श्रेय एका म्हातारीच्या अटी घालून दिलेल्या होकाराला आणि देवाच्या वाट्याला आहे. तुमच्या नशिबी दोन्ही असतीलच असं नाही. म्हणून माझं एक काम करा. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या एखाद्या गेलेल्या माणसाचा आवाज कुठे ठेवलेला असेल, आणि तो एकाच जागी असेल, तर त्याची दुसरी प्रत आज काढा. ती तुमच्याच कपाटात ठेवू नका. दुसऱ्याच्या घरी नेऊन द्या. तिथे बसा, ती लावा, शेवटपर्यंत ऐका, आणि मगच उठा.